जुना फोन गाण्यांसाठी कसा तयार करावा आणि नागपूरच्या उन्हाळ्यात त्याची बॅटरी कशी जपावी

घरात नवा फोन आला की जुना फोन बहुधा कपाटाच्या खणात जातो आणि वर्षभराने बाहेर काढला तर चालूही होत नाही. वास्तविक ज्या फोनचा पडदा कोपऱ्यात तडकला आहे, ज्याचा कॅमेरा धूसर झाला आहे किंवा ज्यावर नवी ॲप्स रखडत चालतात, तो फोन गाणी ऐकण्यासाठी पुरेपूर सक्षम असतो, कारण ध्वनीची फाइल वाजवणे हे कोणत्याही स्मार्टफोनसाठी अतिशय हलके काम आहे. शिवाय बऱ्याच जुन्या फोनमध्ये साध्या वायरच्या इअरफोनसाठी ३.५ मिलिमीटरचे छिद्र आणि मेमरी कार्डाची खाच अशा दोन सोयी असतात, ज्या अनेक नव्या फोनमधून काढून टाकण्यात आल्या आहेत. गेल्या काही वर्षांत मी घरातले तीन जुने फोन अशा रीतीने वापरात आणले. एक बाबांच्या खोलीत आहे, एक प्रवासाच्या पिशवीत असतो आणि तिसरा देवघरात होता. तो तिसरा फोन बॅटरी फुगल्यामुळे गमवावा लागला आणि त्याला आमची हाताळणी कारणीभूत होती. म्हणूनच या लेखात गाण्यांइतकीच जागा बॅटरीला दिली आहे, आणि बॅटरीच्या बाबतीत बोलताना वापरापेक्षा उष्णतेविषयी अधिक लिहिले आहे, कारण नागपूरकरांसाठी तोच प्रश्न मोठा आहे.

पुढील सूचना मुख्यतः अँड्रॉइड फोनसाठी आहेत. सेटिंग्जमधली नावे कंपनीगणिक थोडी बदलतात, परंतु सोयी साधारण त्याच असतात.

फोन रिकामा करणे

सर्वप्रथम जुन्या फोनमधली छायाचित्रे, संपर्क आणि व्हॉट्सॲपवरील संभाषणे नव्या फोनमध्ये किंवा संगणकावर उतरवून घ्यावीत आणि ती तेथे उघडतात याची स्वतः खात्री करावी. त्यानंतर सेटिंग्जमध्ये जाऊन जुने गूगल खाते काढावे आणि मगच फॅक्टरी रीसेट करावे. हा क्रम महत्त्वाचा आहे. खाते न काढता बटणे दाबून रीसेट केल्यास चोरीपासून संरक्षण म्हणून फोन पुन्हा त्याच जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो, आणि तो आठवत नसेल तर चांगला फोन हातात असूनही निरुपयोगी ठरतो.

रीसेट झाल्यावर फोनमध्ये बँकेचे किंवा यूपीआयचे कोणतेही ॲप पुन्हा घालू नये. ज्या फोनला कंपनीकडून सुरक्षेचे अपडेट मिळणे बंद झाले आहे, त्यावर पैशांचा व्यवहार करणे योग्य नाही. गाणी वाजवण्यासाठी एक प्लेअर ॲप पुरते. फोनसोबत आलेला प्लेअर चांगला असेल तर तोच ठेवावा. नसेल तर व्हीएलसी हा मोफत आणि जाहिरातींविना चालणारा प्लेअर घ्यावा, कारण तो जवळपास सर्व प्रकारच्या फाइल्स वाजवतो आणि फोल्डरनुसार गाणी दाखवतो. ॲप उतरवून झाले की खात्याचे आपोआप होणारे सिंक बंद करावे आणि न लागणारी ॲप्स काढावीत. जी काढता येत नाहीत ती निष्क्रिय करून ठेवावीत.

गाणी भरणे आणि लावणे

संगणकावरून गाणी भरताना बहुतेकांची पहिली अडचण केबलची असते. बाजारात मिळणाऱ्या काही स्वस्त केबलींमध्ये केवळ चार्जिंगच्या तारा असतात, माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतात. अशी केबल लावली की फोन चार्ज होतो, पण संगणकाला तो दिसतच नाही आणि माणूस फोनला दोष देत बसतो. केबल योग्य असेल तर फोनच्या पडद्यावर वरून खाली ओढल्यावर यूएसबीची सूचना दिसते, तिच्यावर बोट ठेवून ‘फाइल ट्रान्सफर’ हा पर्याय निवडावा लागतो.

किती गाणी मावतील याचा हिशेब सोपा आहे. ३२० केबीपीएस (दर सेकंदाला किती किलोबिट माहिती, याचे माप) दर्जाची एमपी३ फाइल मिनिटाला सुमारे २.४ एमबी जागा घेते, म्हणजे पाच मिनिटांच्या गाण्याला १२ एमबी आणि चाळीस मिनिटांच्या ख्यालाला ९६ एमबी. ३२ जीबीच्या कार्डावर या दर्जाची पाच मिनिटांची अडीच हजारांच्या आसपास गाणी बसतात, आणि एवढा संग्रह रोज दोन तास ऐकला तरी शंभर दिवस पुरेल. फ्लॅक प्रकारच्या फाइलमध्ये मूळ ध्वनीतला कोणताही अंश गाळलेला नसतो, परंतु ती एमपी३पेक्षा कितीतरी अधिक जागा घेते. साध्या इअरफोनवर किंवा स्वयंपाकघरातल्या लहान स्पीकरवर ३२० केबीपीएस आणि फ्लॅक यांतला फरक बहुतेकांना जाणवत नाही, म्हणून तिच्यासाठी कार्ड भरून टाकणे मला अनावश्यक वाटते. उलट कीर्तन किंवा प्रवचन यांसारखे केवळ बोलण्याचे ध्वनिमुद्रण ६४ केबीपीएसवरही स्पष्ट ऐकू येते आणि तासाभराला तीस एमबीहून कमी जागा घेते.

फाइल्सची नावे देताना थोडी शिस्त पाळावी. पारायणाचे किंवा कीर्तनमालेचे भाग १, २, ३ असे नोंदवले तर काही प्लेअर पहिल्या भागानंतर थेट दहावा भाग वाजवतात, कारण ते आकड्यांकडे अक्षरांप्रमाणे पाहतात. ०१, ०२, ०३ अशी नावे दिली की हा घोटाळा होत नाही. बाबांच्या फोनमध्ये मी गायकांच्या नावांऐवजी ‘पहाट’, ‘दुपार’, ‘संध्याकाळ’ आणि ‘रात्र’ असे चार फोल्डर केले, कारण त्यांना रागांच्या वेळा सांभाळून ऐकण्याची सवय आहे. ज्याच्यासाठी फोन तयार करत आहोत, त्याच्या ऐकण्याच्या रीतीप्रमाणे मांडणी करावी. वडीलधाऱ्या माणसाला पडद्यावर दहा ठिकाणी बोट लावावे लागले तर दोन दिवसांत फोन पुन्हा खणात जातो.

इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या सेवा वापरत असाल तर त्यांतील गाणी घरच्या वायफायवर आधी उतरवून ठेवावीत. अशी उतरवलेली गाणी त्या ॲपच्या बाहेर वाजत नाहीत आणि ठरावीक काळाने ॲपला पुन्हा इंटरनेटशी जोडावे लागते. उदाहरणार्थ, स्पॉटिफायमध्ये निदान तीस दिवसांतून एकदा तसे करावे लागते. ज्या फोनमध्ये सिम ठेवायचे नाही, त्याच्यासाठी स्वतःच्या मालकीच्या फाइल्सच अधिक सोयीच्या ठरतात.

आणखी एक तक्रार हमखास येते. पडदा बंद झाल्यावर काही मिनिटांत गाणे आपोआप थांबते. हा बिघाड नसून बॅटरी वाचवण्याच्या नादात फोननेच मागे चालणारे ॲप बंद केलेले असते. सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’ उघडून आपला प्लेअर निवडावा, त्यातल्या ‘बॅटरी’ या पर्यायात ‘अनरिस्ट्रिक्टेड’ किंवा ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ असे जे काही लिहिलेले असेल ते निवडावे. ही सवलत केवळ प्लेअरला द्यावी, बाकी सर्व ॲप्सवर बंधन राहू द्यावे.

वीज कुठे खर्च होते

गाणी वाजवण्यात फारच थोडी वीज जाते. खरा खर्च पडद्याचा आणि नेटवर्कचा असतो. त्यामुळे गाणे सुरू केल्यावर पडदा बंद करावा, त्याचा उजेड कमी ठेवावा आणि तो आपोआप बंद होण्याची वेळ पंधरा किंवा तीस सेकंदांवर आणावी. गाण्याबरोबर हलणाऱ्या रंगीत आकृत्या दाखवणारे प्लेअर या दृष्टीने टाळावेत.

नेटवर्कच्या बाबतीत अनेकांचा एक गैरसमज असतो की सिम काढले म्हणजे काम झाले. सिम नसतानाही आपत्कालीन कॉलची सोय राहावी म्हणून फोन टॉवर शोधतच राहतो. म्हणून फ्लाइट मोड चालू करावा. फ्लाइट मोड चालू केल्यानंतर ब्लूटूथ स्वतंत्रपणे पुन्हा चालू करता येते, त्यामुळे ब्लूटूथ स्पीकर वापरणाऱ्यांचीही अडचण होत नाही. वायफाय आणि लोकेशन बंद ठेवावे.

इअरफोनला लागणारी वीज नगण्य असते, तर फोनचा स्वतःचा स्पीकर मोठ्या आवाजात वाजवला तर बॅटरी लवकर उतरते. घरात सर्वांना ऐकू जावे असे वाटत असेल तर स्वतःची वीज घेणारा बाहेरचा स्पीकर वायरने जोडणे चांगले. आवाजाविषयी आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. प्रौढांनी आठवड्यात ४० तासांपर्यंत सरासरी ८० डेसिबल एवढा आवाज ऐकणे सुरक्षित आहे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, आणि आवाज वाढला की ही मुदत झपाट्याने कमी होते. उन्हाळ्यात कूलरच्या घरघराटावर मात करण्यासाठी आपण नकळत इअरफोनचा आवाज चढवतो. अशा वेळी कानात घट्ट बसणारे रबरी टोकांचे इअरफोन वापरले की कमी आवाजातही गाणे नीट ऐकू येते.

आपला फोन एका चार्जिंगमध्ये किती तास गाणी वाजवेल, हे कोणाला विचारण्यापेक्षा स्वतः मोजावे. फोन ८० टक्के चार्ज करून फ्लाइट मोडवर टाकावा, पडदा बंद ठेवून तीन तास गाणी लावावीत आणि किती टक्के उतरले ते पाहावे. तीन तासांत नऊ टक्के उतरले, तर तासाला तीन टक्के या हिशेबाने ८० ते २० टक्क्यांच्या दरम्यान वीस तास मिळतात. तीन तासांत पंचवीस-तीस टक्के उतरत असतील, तर एकतर एखादे ॲप मागे चालू आहे किंवा बॅटरी म्हातारी झाली आहे. सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या वापराच्या यादीवरून यांतले कोणते कारण आहे ते कळते.

उन्हाळा आणि बॅटरी

स्मार्टफोनमधली बॅटरी लिथियम-आयन प्रकारची असते. सोनी कंपनीने १९९१ मध्ये ती प्रथम बाजारात आणली आणि तिच्या विकासासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. हलकेपणा आणि साठवणक्षमता हे तिचे गुण, तर उष्णता सहन न होणे हा तिचा दोष. या बॅटरीच्या आत सतत काही अनावश्यक रासायनिक क्रिया चालू असतात, ज्यामुळे तिची क्षमता हळूहळू घटते. तापमान वाढले की या क्रियांचा वेग वाढतो, आणि बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर त्यात आणखी भर पडते. म्हणजे तापलेल्या खोलीत १०० टक्क्यांवर पडून राहिलेला फोन, न वापरताही, वेगाने म्हातारा होत असतो.

आता हे आकडे आपल्या शहराशी ताडून पाहावेत. ॲपलने आपल्या फोनसाठी भोवतालच्या हवेची मर्यादा ३५ अंश सेल्सिअस दिली आहे आणि त्याहून अधिक तापमानात बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते, असे म्हटले आहे. सर्वसाधारण लिथियम-आयन बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, असा संकेत आहे. नागपुरात मे महिन्यात दुपारचा पारा कित्येकदा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ अतिउष्ण दिवस, लागला की रात्रीसुद्धा वरच्या मजल्यावरचा स्लॅब निवत नाही. म्हणजे जी मर्यादा बॅटरीच्या पोटातल्या तापमानासाठी आहे, ती आपल्याकडे बाहेरच्या हवेनेच गाठलेली असते, आणि चार्जिंगमुळे वाढणारी उष्णता त्यावर वेगळीच.

म्हणून उन्हाळ्यात फोन दुपारी चार्जिंगला लावूच नये. पहाटे पाच ते सातच्या दरम्यान, घर सर्वाधिक थंड असते तेव्हा, तो चार्ज करावा. चार्जिंगच्या वेळी मागचे कव्हर काढावे आणि फोन गादीवर, उशीखाली किंवा टीव्हीवर न ठेवता फरशीवर किंवा लाकडी टेबलावर मोकळ्या हवेत ठेवावा. जलद चार्जरमुळे उष्णता अधिक निर्माण होते. गाण्यांच्या फोनला कसलीही घाई नसते, तेव्हा त्याच्यासाठी जुना, संथ चार्जर वापरावा. चार्जिंग चालू असताना गाणी वाजवणे या दिवसांत टाळावे. पश्चिमेच्या भिंतीला टेकलेले लोखंडी कपाट संध्याकाळपर्यंत तापलेले असते, त्यावर फोन ठेवू नये. स्कूटरच्या डिकीत आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर काही मिनिटांसाठीसुद्धा ठेवू नये, कारण बंद जागेतले तापमान बाहेरच्या हवेपेक्षा बरेच वर जाते.

फोन तापला म्हणून फ्रिजमध्ये ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत. तसे मुळीच करू नये. थंडगार फोन बाहेर काढला की हवेतली वाफ त्याच्यावर आणि त्याच्या आत पाण्याच्या रूपाने जमते. फोन बंद करावा, कव्हर काढावे आणि पंख्याखाली सावलीत ठेवावा, तो आपोआप निवतो. कूलरच्या खोलीत फोन ठेवणे चांगलेच, परंतु कूलरच्या तोंडासमोर नको, कारण त्या झोतात पाण्याचे बारीक तुषार असू शकतात.

चार्जिंगची पातळी २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवणे हा बॅटरीचे आयुष्य वाढवण्याचा सर्वांत सोपा उपाय आहे. अनेक फोनमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय सेटिंग्जमध्येच असते. जुन्या फोनमध्ये ती नसेल तर एकदा घड्याळ लावून पाहावे की २० वरून ८० पर्यंत किती वेळ लागतो, आणि नंतर तेवढ्या वेळाचा गजर लावून ठेवावा. महिन्यातून एकदा बॅटरी पूर्ण उतरवून पुन्हा भरावी हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरींच्या काळातला आहे. लिथियम-आयनला त्याची गरज नाही, आणि वारंवार शून्यावर नेणे तिला अपायकारकच आहे.

वळवाच्या पावसात लाइन जाते-येते, दाब वरखाली होतो. अशा वेळी चार्जर प्लगमधून काढून ठेवावा. हिवाळ्याची मात्र काळजी करण्याचे कारण नाही. नागपूरची कडाक्याची थंडीही या बॅटरीला सोसणारी असते.

फुगलेली बॅटरी

देवघरातला जो फोन गेला, त्याची हकिकत सांगणे मला कर्तव्य वाटते. आईला पहाटे अभंग ऐकायचे असत आणि बॅटरी उतरण्याची कटकट नको म्हणून आम्ही तो फोन बारा महिने चोवीस तास चार्जरला जोडून ठेवला होता. शेजारी समई तेवत असे. दुसऱ्या उन्हाळ्यात एके दिवशी पडदा एका बाजूने उचललेला दिसला. आत बॅटरी फुगली होती. फोन कायम १०० टक्क्यांवर होता, जागा बंदिस्त होती, वर दिव्याची ऊब आणि मे महिना. आधी सांगितलेली सर्व कारणे तेथे एकत्र आली होती.

मागचे झाकण उचलले जाणे, पडदा वर येणे, सपाट टेबलावर ठेवल्यावर फोन डुलणे ही फुगवट्याची लक्षणे आहेत. ती दिसताच फोन चार्जरवरून काढावा, बंद करावा आणि पुन्हा कधीही चार्ज करू नये. बॅटरी दाबून सपाट करण्याचा किंवा टोचून आतला वायू काढण्याचा प्रयत्न केल्यास ती पेट घेऊ शकते. फोन कापड, कागद आणि लाकूड यांपासून दूर, फरशीवर ठेवावा आणि लवकरात लवकर जाणकाराकडे न्यावा. अशी बॅटरी कचरागाडीत टाकू नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची आणि त्यांच्यावर प्रक्रिया करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून ती कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्यावी.

बॅटरी बदलायची असेल तर प्रथम अधिकृत सेवा केंद्रात विचारावे. फोन फार जुना असल्याने तेथे ती मिळाली नाही, तर सीताबर्डीच्या मोबाइल बाजारात बहुतेक मॉडेलच्या बॅटऱ्या मिळतात, मात्र घेताना घाई करू नये. मूळ बॅटरीपेक्षा कितीतरी अधिक एमएएच (साठवणक्षमतेचे माप) छापलेली, तरीही आकाराने तेवढीच आणि वजनाला हलकी असलेली बॅटरी नाकारावी. निर्मितीची तारीख पाहावी, हमी लिहून घ्यावी आणि बसवल्यानंतर दुकानातच दहा-पंधरा मिनिटे चार्जिंगला लावून ती तापत नाही ना, हे हात लावून बघावे.

प्रवासात

नागपूरहून मुंबईला किंवा पुण्याला जाणारी गाडी रात्रभराची असते आणि वर्धा, बडनेरा, अकोला करत पुढे सरकताना मधल्या टापूंत नेटवर्क सारखे तुटते. नेटवर्क क्षीण झाले की फोन अधिक शक्ती लावून टॉवर धुंडाळतो, त्यामुळे अशा प्रवासात इंटरनेटवरून गाणी ऐकणाऱ्याची बॅटरी भुसावळपर्यंत निम्मी होते, तर फ्लाइट मोडवर स्वतःच्या फाइल्स ऐकणाऱ्याची जेमतेम उतरते. गाण्यांसाठी वेगळा फोन असण्याचा मोठा लाभ येथेच दिसतो. रोजचा फोन तिकिटासाठी आणि घरच्यांशी बोलण्यासाठी भरलेला राहतो. डब्यातल्या चार्जिंग पॉइंटवर विसंबून राहू नये. ते कधी बंद असतात, कधी रात्री बंद केले जातात. उन्हाळ्यात खिडकीतल्या फळीवर ऊन येते, म्हणून फोन तेथे न ठेवता पिशवीत कपड्यांच्या वर, हवा लागेल असा ठेवावा.

प्रवास संपल्यावर किंवा काही महिने फोन लागणार नसेल तेव्हा तो पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून ठेवू नये. साधारण ५० टक्के चार्ज करून बंद करावा, घरातल्या सर्वांत थंड खोलीत, उत्तरेच्या बाजूच्या खालच्या खणात ठेवावा आणि दर तीन-चार महिन्यांनी काढून पुन्हा ५० टक्क्यांवर आणावा. आमच्याकडे होळी झाली की प्रवासाचा फोन या पद्धतीने खणात जातो, आणि मृगाचा पहिला पाऊस पडला की बाहेर येतो.